सुरुंग आणि सबुरी



या व्यासपीठावर आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारणावरची चर्चाही ऐकता. आज आम्ही सुरुंगाच्या दारूविषयी आणि ती हाताळण्याच्या नियमांविषयी बोलणार आहोत. हा विषय कंत्राटदारांचा आणि मजुरांचा. आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु आपला महाराष्ट्र काळ्या कातळावर बसलेला आहे. विहिरीचे पाणी, धरणाचे पाणी, घाटातून जाणारी आगगाडी, रस्त्यावरची खडी, घराच्या पायात घातलेला दगड, यांतील बहुतेक गोष्टी कोणीतरी कोठेतरी कातळ फोडला म्हणून आपल्या पदरात पडल्या आहेत. तो कातळ पहार आणि घण यांच्या बळावर थोडा फुटतो. पुढे सुरुंगच लावावा लागतो. ज्याचे फळ आपण रोज खातो, त्याच्या जोखमीची चौकशी आपण निदान एका संध्याकाळी करावी, एवढीच आमची विनंती आहे.

आपल्या भाषेत 'फुसका बार' असा एक शब्दप्रयोग आहे. मोठा गाजावाजा होऊन शेवटी काहीच घडले नाही, म्हणजे आपण हसून 'फुसका बार निघाला' असे म्हणतो. सुरुंगाच्या कामावर मात्र या शब्दाला कोणी हसत नाही. उडालेला बार आपले काम करून मोकळा झालेला असतो. न उडालेला बार दगडाच्या पोटात तसाच जिवंत बसलेला असतो, आणि तो केव्हा उडेल हे वरून पाहून सांगता येत नाही. या कामावर माणसे दगावतात ती अनेकदा बार उडाल्यानंतरच्या काही मिनिटांत. कारण काय झाले ते पाहण्यास कोणीतरी घाईने पुढे जातो.

म्हणून आजच्या व्याख्यानाचे सार आम्ही आरंभीच सांगून टाकतो. सुरुंगाच्या कामाचे बरेचसे नियम हे थांबण्याचे नियम आहेत. कोठे थांबावे, किती वेळ थांबावे, कोणासाठी थांबावे, हेच त्यांत सांगितलेले असते. आणि थांबण्याची मजुरी कोणीतरी दिल्याखेरीज हे नियम पाळले जात नाहीत.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबईहून पुण्याकडे येणारी आगगाडी बोरघाट चढून येते. त्या घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. पंचवीस बोगदे खणावे लागले. तेव्हा डायनामाइटचा शोध लागलेला नव्हता. सारे काम साध्या काळ्या दारूवर झाले. मजुरांनी छिन्नी आणि घण यांनी हाताने भोके पाडावयाची, त्यांत दारू ठासावयाची, वात लावावयाची आणि पळावयाचे. कड्यावर उभे राहण्यास जागा नसे तेथे माणसांना दोराने खाली सोडून भोके पाडून घेतली जात. हजारो माणसे त्या कामावर मृत्यू पावली. त्यांत पटकीसारख्या रोगांचा वाटा मोठा होता. पण दारूने आणि कोसळत्या दगडांनीही आपला वाटा घेतला. आज आपण खंडाळ्याच्या बोगद्यातून जाताना मुलांना दिवे मोजावयास सांगतो. ते बोगदे कोणाच्या हातांनी खणले गेले, हेही त्यांना सांगावे.

काळ्या दारूच्या त्या काळात सर्वांत मोठा प्रश्न होता तो वातीचा. युरोपातील खाणींत पूर्वी गवताच्या काडीत किंवा हंसाच्या पिसाच्या पोकळ देठात दारू भरून वात करीत. ती कधी एका क्षणात जळून जाई, तर कधी मध्येच विझल्यासारखी होऊन धुमसत राही. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात कथील आणि तांबे यांच्या खाणी होत्या. तेथे विल्यम बिकफर्ड नावाचा एक चामड्याचा व्यापारी राहत असे. दोर वळतात त्या रीतीने सुताच्या आवरणात दारूची बारीक धार वळून घ्यावी, म्हणजे वात एका ठरावीक गतीने जळेल, ही युक्ती त्याने १८३१ साली सिद्ध केली. त्या वातीस पुढे 'सेफ्टी फ्यूज' हे नाव मिळाले. वस्तुतः त्या वातीने सुरुंगाचा जोर रतीभरही कमी केला नाही. तिने माणसाला दिला तो वेळ. आणि तोही खात्रीचा, मोजून घेता येणारा. सुरुंगाच्या कामातील पहिली मोठी सुरक्षितता अशी वेळाच्या रूपाने आली, हे आपण ध्यानात ठेवावे.

दुसरी कथा आल्फ्रेड नोबेल यांची. १८४७ साली इटलीतील तुरीन येथे सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन तयार केले. काळ्या दारूपेक्षा ते कितीतरी जोरकस, पण अत्यंत चंचल. धक्का लागला की उडावयाचे. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोम येथील नोबेल यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि त्यांचा धाकटा भाऊ एमिल इतर काही माणसांसह ठार झाला. शहराच्या हद्दीत असले प्रयोग करण्यास पुढे मनाई झाली, तेव्हा नोबेल यांनी सरोवरातल्या एका पडावावर आपले काम चालू ठेवले. एका सच्छिद्र मातीत हा द्रव जिरवला तर तो पुष्कळ शांत होतो, हे त्यांना आढळले. आणि १८६७ साली त्यांनी डायनामाइटचा हक्क नोंदवला.

येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. दारू शांत झाली, म्हणून तिला जागे करण्यास वेगळी वस्तू लागू लागली. ती वस्तू म्हणजे टोपी, ज्याला कामावरचे लोक आज सर्रास डिटोनेटर म्हणतात. बोटाएवढी लहानशी नळी. पण अंगात भरलेला पदार्थ असा नाजूक की चिमट्याचा दाब, ठिणगी किंवा ठोकर त्याला पुरे. म्हणजे जोर दारूत आणि चंचलपणा टोपीत, अशी वाटणी झाली. यातूनच या क्षेत्रातला मूलभूत नियम निघाला: प्रत्यक्ष भरण्याची वेळ येईपर्यंत टोपी आणि दारू एकत्र येता कामा नयेत. कोठारात नाही, गाडीत नाही, एका पेटीत नाही आणि एका माणसाच्या झोळीतही नाही. त्यानंतर दारूची जात बदलत गेली. आपल्या देशात नायट्रोग्लिसरीनयुक्त स्फोटकांवर १ एप्रिल २००४ पासून बंदी आली आणि त्यांची जागा पाणी व अमोनियम नायट्रेट असलेल्या मिश्रणांनी घेतली. लोक अजून सवयीने 'डायनामाइट' म्हणतात एवढेच. मात्र टोपी आणि दारू वेगळी ठेवण्याचा नियम जागचा हललेला नाही.

काय कशाशेजारी ठेवावे या प्रश्नाचे उत्तर चुकले तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा होता. आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी भरलेल्या होत्या. दुपारी कापसाला आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा झाला. शेकडो माणसे प्राणाला मुकली. आग विझवण्यास गेलेले अग्निशमन दलाचे साठांहून अधिक जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ते युद्धाचे दिवस होते, घाई होती, जहाजे कमी होती. म्हणून एरवी जी सरमिसळ कोणी केली नसती ती करण्यात आली. घाईला नेहमी काहीतरी सबळ कारण असते. स्फोटक पदार्थाला ते कारण समजत नाही.

आपल्याकडे या विषयाचा कायदा जुना आहे. स्फोटक पदार्थांचा अधिनियम १८८४ सालचा. त्याखालची नियमावली वेळोवेळी बदलत आली आणि २००८ साली ती नव्याने करण्यात आली. परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्याच नागपूरला आहे. खाणींसाठी वेगळे नियम आहेत. बांधकामावर भोके पाडणे व सुरुंग लावणे यांसाठी भारतीय मानकांची एक संहिता आहे. ती १९८६ साली सुधारण्यात आली. म्हणजे नियमांचा तुटवडा आपल्याकडे नाही. ते कसे आहेत, आणि मुख्य म्हणजे ते तसे का आहेत, हे आता एका नेहमीच्या कामाच्या आधाराने पाहू.

उन्हाळ्यात गावाकडे गेलेल्या प्रत्येकाने विहीर खोदण्याचे काम पाहिले असेल. पाणी आटलेले असते, म्हणून खोदाई याच दिवसांत चालते. वर यारी उभी असते, ट्रॅक्टरवरच्या यंत्राने तळाशी भोके पाडणे चालू असते आणि दगडमाती पाटीतून वर येत असते.

भोके पाडताना पहिला नियम असा, की आदल्या बाराच्या उरलेल्या भोकात पुन्हा भोक पाडावयाचे नाही. मजुराला मोह होतो; अर्धे भोक तयारच आहे, तेवढी मेहनत वाचते. पण त्या जुन्या भोकाच्या बुडाशी न जळलेली दारू किंवा टोपी असू शकते. यंत्राची सळई तिच्यावर आपटली की संपले.

दुसरा नियम भरण्याचा. ठासण्यास लाकडाचीच काठी वापरावी. लोखंडाची पहार कदापि नको, कारण लोखंड कातळावर घासले की ठिणगी पडते. विडी-सिगारेट, काडेपेटी आणि खिशातला मोबाइल भरण्याच्या जागेपासून दूर राहिला पाहिजे. भरण्याचे काम चालू असताना ज्याचे तेथे काम नाही त्याने वर जावे. अठरा वर्षांखालील मुलाला या कामाला हात लावू देऊ नये, आणि दारू प्यालेल्या माणसाला तर दुसऱ्या दारूच्या जवळही येऊ देऊ नये.

तिसरा नियम आभाळाचा आहे. वैशाखात दुपारनंतर वळवाचे ढग येतात. विजेच्या तारेने पेटणाऱ्या टोप्या लांबवर पडलेल्या आकाशातल्या विजेनेही उडू शकत. म्हणून गडगडाट ऐकू येताच काम सोडून सर्वांनी दूर जावे असा दंडक घातला गेला. अशा टोप्यांची निर्मिती, आयात आणि बाळगणूक यांवर १ एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात बंदी करण्यात आली आहे. पण बंदी आली म्हणून वीज सौम्य झालेली नाही. भरलेल्या भोकाजवळ वादळात उभे राहणे हे कोणत्याही टोपीच्या बाबतीत शहाणपणाचे नाही.

चौथा नियम वातीचा. वातीची लांबी ठरवताना 'एवढी पुरे' हा अंदाज चालत नाही. नव्या भेंडोळ्यातील तुकडा आधी जाळून त्याची गती पाहावयाची असते. १९६१ सालच्या धातुखाणींच्या नियमावलीने वात १.२ मीटरपेक्षा आखूड नसावी असे सांगितले. मीटरभर वात जळण्यास पावणेदोन-दोन मिनिटे लागतात असे धरले, तर विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसाच्या हाती किती थोडा वेळ उरतो हे ध्यानात येईल. तेवढ्यात त्याला पाटीत बसून वर यावयाचे असते. यारी मध्येच अडली तर? म्हणून वात पेटवण्यापूर्वी यारी एकदा रिकामी वरखाली करून पाहावी आणि यारीवरच्या माणसाने जागा सोडू नये.

पाचवा नियम इशाऱ्याचा. लाल निशाणे, भोंगा किंवा शिट्टी, आणि प्रत्येक वाटेवर उभा केलेला माणूस. त्याच नियमावलीत उघड्या खाणींतील सुरुंगासाठी ३०० मीटरपर्यंतच्या लोकांना सावध करावे असे सांगितले होते. हे अंतर पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटते. पण नारळाएवढा दगड किती लांब जातो याची कल्पना ज्याच्या छपरातून तो आत आला त्यालाच असते.

आता बार उडाले. येथून पुढचे नियम सर्वांत कठीण, कारण त्यांत करावयाचे काहीच नसते. बार उडत असताना सुरुंगवाल्याने आवाज मोजावयाचे. सात लावले आणि सहा ऐकू आले, किंवा दोन एकदम उडाल्यामुळे मोजणीत संशय आला, तर एक फुसका गेला असेच धरावयाचे. वातीच्या बाराच्या बाबतीत मग अर्धा तास कोणी जवळ जावयाचे नाही. धुमसणारी वात कधी कधी वीस-पंचवीस मिनिटांनीही टोपीपर्यंत पोहोचते. तो अर्धा तास त्यासाठी आहे. त्यानंतर फक्त सुरुंगवाल्याने जाऊन पाहावयाचे. न उडालेल्या भोकातली दारू उकरून काढावयाची नाही. त्याला समांतर, निदान ३० सेंटिमीटर अंतरावर, दुसरे भोक पाडून तो बार त्याच्याबरोबर उडवावयाचा. आणि ते होईपर्यंत त्या जागेची राखण करावयाची. पाळी बदलली तर पुढच्या माणसाला ती जागा दाखवून, सांगून मगच घरी जावयाचे.

आणि समजा, सारे बार उडाले. तरीही विहिरीत लगेच उतरावयाचे नाही. दारूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. नायट्रोजनचे तांबूस वायू असतात. ते फुप्फुसांना अशी इजा करतात की माणूस संध्याकाळी चालत घरी येतो आणि रात्री श्वासासाठी तडफडू लागतो. उघड्यावर वारा हा धूर नेतो. विहिरीत आणि बोगद्यात तो तळाशी साचून राहतो. कोणी आत कोसळला तर त्याला काढण्यास दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एका घरातले दोन-तीन पुरुष एका दिवशी जातात. धूर निघून जाईपर्यंत थांबणे, यंत्राची हवा खाली सोडणे, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधणे, एवढ्याने हे टळते.

थांबण्याची तयारी असेल तर केवढे अवघड काम नीट पार पडते, याचेही उदाहरण आपल्याच घरचे आहे. १३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या जलाशयाला खालून छिद्र पाडण्यात आले. बोगदा तळ्याच्या तळाखाली नेऊन आणला होता. पाणी आणि बोगदा यांच्यामध्ये कातळाचे एक बूच तेवढे उरले होते. तो कातळ एका सुरुंगात फोडावयाचा, म्हणजे तळ्याचे पाणी आपोआप बोगद्यात येते. तेथे फुसका बार परवडण्यासारखा नव्हता, कारण अर्धवट फुटलेल्या त्या बुचाखाली पुन्हा माणूस पाठवणे म्हणजे त्याला पाण्याच्या तोंडी देणे. त्या एका स्फोटासाठी दीर्घ तयारी झाली. २५ एप्रिल २०१२ रोजी तशीच कामगिरी दुसऱ्यांदा पार पडली. या स्फोटांचा सोहळा आपण पाहिला, वाचला. त्यामागची मोजमापे आणि पडताळणी हीच खरी कामगिरी होती.

आता कोणी म्हणेल, कोयनेला सरकारचा पैसा होता, मोठे इंजिनिअर होते. चार परस विहिरीला हा थाट कोण करणार? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण दुखणे नेमके येथेच आहे. विहिरीचे काम उक्ते दिलेले असते, परसावर किंवा फुटावर. जेवढी खोली जाईल तेवढा पैसा. मग फुसक्या बारासाठीचा अर्धा तास कोणाच्या खात्यावर? धुरासाठीचा तास कोणाच्या? वळवाचा पाऊस आला म्हणून बुडालेली दुपार कोणाची? आजच्या रिवाजाप्रमाणे ती सारी मजुराच्या पोटातून जाते. ज्याने थांबावयाचे त्याचीच भाकरी आपण थांबवतो, आणि अपघात झाला की 'मजूर निष्काळजी होता' असे म्हणून मोकळे होतो. नियम मोडणाऱ्या हातामागे पुष्कळदा नियम मोडावयास लावणारा हिशेब असतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. 'वीस वर्षे असेच करतो आहे, काही झाले नाही,' असे जुने सुरुंगवाले म्हणतात. त्यांच्या हातच्या कसबाबद्दल आम्हांला आदर आहे. दगड कोठे फुटेल हे त्यांना आवाजावरून कळते. पण वीस वर्षांत काही झाले नाही असे सांगणारा तो असतो ज्याला काही झाले नाही. ज्यांना झाले, ते सांगण्यास उरलेले नाहीत. नियमावली म्हणजे त्यांनी मागे ठेवलेला जबाब आहे, असे समजून ती वाचावी.

शिवाय ती वाचता आली पाहिजे. कामावर वडार बांधव असतात, तेलंगणातून आलेले मजूर असतात, झारखंड-ओडिशातून आलेले असतात. आणि सूचनांचा फलक अनेक ठिकाणी इंग्रजीत असतो. जो वात पेटवणार त्याच्या भाषेत नियम सांगितलेला नसेल, तर तो नियम केला असे म्हणताच येणार नाही. आणि सांगून भागत नाही. भोके मोजणाऱ्या, पाट्या ओढणाऱ्या अगदी शेवटच्या मजुरालाही 'थांबा' म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि त्याने थांबवल्याबद्दल त्याची रोजी कापली जाता कामा नये.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांची गावाकडे शेती आहे, विहीर आहे. काहींची घरे बांधणे चालू आहे. तेव्हा आपण काय करावे ते थोडक्यात सांगतो. काम ठरवताना सुरुंगवाल्याचा परवाना पाहावा आणि त्या कागदावरचा माणूसच प्रत्यक्ष वात लावतो की नाही हेही पाहावे. उक्त्या कामाच्या बोलीत थांबण्याच्या तासांचे पैसे वेगळे धरावेत. विहिरीच्या एकूण खर्चात ते फार नसतात. उरलेली कांडी किंवा टोपी 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून गोठ्यात, माळ्यावर ठेवू देऊ नये. ती पोरांच्या हाती लागते आणि बोटे, डोळे घेऊन जाते. मुलांना अशी नळी सापडली तर हात न लावता मोठ्यांना सांगावयास शिकवावे, आणि मोठ्यांनी पोलिसांना कळवावे. रस्त्यावर लाल निशाण दिसले, शिट्टी ऐकू आली, तर निशाणवाल्याशी हुज्जत घालू नये. आपली पाच मिनिटे मोडतात हे खरे. पण तो गरीब माणूस त्या वेळी आपल्यासाठीच तेथे उन्हात उभा असतो.

यंदाच्या उन्हाळ्यातही कोठे ना कोठे विहिरी खोदल्या जात आहेत. तळाशी कोणीतरी आवाज मोजत असेल आणि एक कमी भरला म्हणून काठावर बसून राहिला असेल. मालक जवळ असेल, तर त्याने त्याला 'चल, आटप' म्हणू नये. त्याच्या शेजारी बसावे, पाणी द्यावे आणि अर्धा तास भरू द्यावा.